आवक क्रमांक दोनशे सतरा

१

शाळेचा स्लॅब कोसळून शिपाई मावशी गेल्या, त्याला आठ दिवस झाल्यावर मला त्या शिक्षण कार्यालयात धाडण्यात आलं. त्या आठ दिवसांत कार्यालयानं तीन कामं झटपट उरकली होती. शोकसभा घेतली, शाळेच्या मुख्याध्यापिकेला निलंबित केलं आणि दारातल्या कुंड्यांना रंग दिला. तिसरं काम माझ्या स्वागतासाठी होतं.

लेखापरीक्षण खात्यात मला एकतीस वर्षं झाली. कार्यालयांमधून मला माझ्या पाठीमागे ‘किसणी’ म्हणतात, हे मला ठाऊक आहे. नावाला माझी हरकत नाही. पण किसायला समोर काहीतरी घट्ट लागतं, आणि माझ्या वाट्याला बहुतेक वेळा लगदाच येतो.

शिक्षणाधिकारी, म्हणजे तिथले साहेब, मोठ्या टेबलामागे बसले होते. टेबलावर एकही कागद नव्हता. मागच्या भिंतीवर चौकटीत प्रशस्तिपत्र होतं : ‘उभारी निधीचा शंभर टक्के विनियोग, मुदतीच्या चार दिवस आधी.’ साहेबांची खुर्ची अशी मांडली होती की त्यांच्याकडे बघणाऱ्याला आधी ते प्रशस्तिपत्र दिसावं.

“केस अगदी सरळ आहे मॅडम,” साहेब म्हणाले. “सरकारनं मंदीनंतर शाळांसाठी एवढा पैसा ओतला. नुसता अर्ज करायचा होता. या बाईंनी तोही केला नाही. केला असता, तर आज नवं छप्पर असतं आणि एक जीव वाचला असता.”

“किती शाळांना पैसे मिळाले?”

साहेबांनी छताकडे पाहिलं. “चाळीसेक असतील. ताई, किती हो?”

“चव्वेचाळीस, सर,” शेजारी उभ्या असलेल्या बाई हळूच म्हणाल्या.

त्या योजना समन्वयक. निधीचं वाटप त्यांच्याच टेबलावरून झालं होतं. सगळं कार्यालय त्यांना ताई म्हणे, साहेबसुद्धा. त्यांनी माझ्यासाठी फायली रंगीत चिठ्ठ्या लावून तयार ठेवल्या होत्या. मावशींचा विषय निघाला तसे त्यांचे डोळे भरून आले. मावशींच्या घरी जाऊन त्या स्वतःच्या पगारातून मदत देऊन आल्या होत्या, असं साहेबांनीच मला सांगितलं. इतक्या नीटनेटक्या बाईकडे पाहून मला बरं वाटलं, हे मी इथेच कबूल करते.

निधीचा नियम साधा होता. ज्या शाळेची गरज मोठी, तिला आधी. गरीब घरातली मुलं किती, इमारतीची अवस्था काय, पट किती, यावर गुण द्यायचे आणि गुणांच्या क्रमानं पैसे वाटायचे. अर्जाची मुदत दहा तारखेपर्यंत. मंजूर झालेले पैसे नव्वद दिवसांत खर्च करायचे.

मुख्याध्यापिकेवर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल करायचा की नाही, हे पोलीस माझ्या अहवालावरून ठरवणार होते. मला शुक्रवारपर्यंतची मुदत होती आणि तो दिवस मंगळवार होता.

मी फायली घेऊन बाहेर पडले, तर जिन्याखालच्या बाकावर एक बाई बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या आणि पर्समधून प्लॅस्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद काढला.

“शाळेत मला मोठ्या बाई म्हणतात,” त्या म्हणाल्या. “मीच ती अर्ज न करणारी. ही घ्या अर्जाची पोच.”

२

पोचपावतीवर कार्यालयाचा शिक्का होता, आठ तारीख होती, खाली सही होती आणि शाईनं लिहिलेला आकडा होता : आवक क्रमांक २१७. सोबत अर्जाची स्थळप्रत, म्हणजे शाळेनं स्वतःकडे ठेवलेली प्रतही होती. मागितलेली रक्कम एकेचाळीस लाख बहात्तर हजार सहाशे.

मी तशीच उलट पावली आवक-जावक विभागात गेले. तिथले हेडक्लार्क तात्या. त्या टेबलावर पंचवीस वर्षं बसलेला माणूस. कार्यालयात येणारा प्रत्येक कागद त्यांच्या आवक नोंदवहीत चढतो, तेव्हाच तो सरकारच्या लेखी जन्माला येतो.

तात्यांनी पोच हातात घेतली, चष्मा वर केला, खाली केला. “सही माझी नाही.”

“शिक्का?”

“शिक्का काय हो, बाजारात कोणीही बनवून देतं.”

“वही दाखवा.”

त्यांनी वही काढली. दोनशे सतरा क्रमांकासमोर, आठ तारखेला, स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं : ‘आदर्श शाळा, उभारी निधी अर्ज.’ मोठ्या बाईंच्या शाळेचं नाव त्या पानावरच काय, मागेपुढे दहा पानांवरही नव्हतं.

“बघा,” तात्या म्हणाले. “खोटी पोच करताना आकडा तरी रिकामा निवडायचा!”

माझ्या अंगावरची तकलादू सहानुभूती गळून पडली. निलंबित माणसं खोटे कागद बनवतात. मी शेकडो पाहिलेत.

तात्यांनी चहा मागवला. कप डाव्या हातानं उचलला आणि माझी नजर तिकडे गेली तसे ते स्वतःच म्हणाले, “मनगट हो. तेरा तारखेला इथल्याच जिन्यावर पाय घसरला. उजवा हात तीन आठवडे प्लास्टरमध्ये. अजून कळ येते. त्या तीन आठवड्यांत या ऑफिसची पार वाट लागली होती. माझ्या टेबलावर येईल तो बसायचा, वाटेल तसं लिहायचा. माझ्यावाचून पान हलत नाही इथलं.”

बढाईखोर माणसं मला आवडत नाहीत. पण त्यांचा उपयोग फार होतो.

मी वही घेऊन एका कोपऱ्यात बसले. चार महिन्यांची वही. एकच निळी शाई. कुठे खाडाखोड नाही, चहाचा डाग नाही, दुमडलेलं पान नाही. सरकारी कार्यालयातली इतकी निर्मळ वही मी एकतीस वर्षांत पाहिलेली नव्हती. मी सावकाश पानं उलटत गेले. दहा तारीख. बारा. तेरा. चौदा. पंधरा. वीस.

मग मी हजेरीपट मागवला. तेरा तारखेच्या दुपारपासून पुढच्या महिन्याच्या चार तारखेपर्यंत तात्यांच्या नावापुढे रजा होती.

वहीत त्या तीन आठवड्यांत एकशे बावन्न नोंदी होत्या. सगळ्या तात्यांच्या वळणदार, उजव्या हाताच्या अक्षरात.

३

“ही वही नवी आहे तात्या,” मी म्हटलं. “जुनी कुठे आहे?”

त्यांनी वहीकडे पाहिलं, हाताकडे पाहिलं, मग दाराकडे.

“कोणी सांगितलं उतरवून काढायला?”

“मॅडम, माझे चौदा महिने राहिलेत,” ते म्हणाले. “पेन्शन आहे. मुलीचं लग्न आहे. मी काही बोलणार नाही. माझ्यावर काय ठेवायचा तो ठपका ठेवा.”

पंचवीस वर्षं त्या टेबलावर काढून माणसानं जपलं काय, तर चौदा महिने. मी त्यांना तिथेच सोडलं. पोच खरी होती. अर्ज आला होता. आता तो गेला कुठे, हे शोधायचं होतं.

बुधवारी सकाळी मी शाळेत गेले. एकमजली, चार खोल्यांची शाळा. मैदानाच्या बाजूच्या खोलीचं छत खाली आलं होतं, सळया वाकून लोंबत होत्या. उरलेल्या तीन खोल्यांना कुलपं होती. मोठ्या बाई कुंपणाबाहेर उभ्या होत्या, कारण निलंबित असल्यामुळे त्यांना आत पाऊल ठेवायची परवानगी नव्हती. मी फाटकाच्या आत आणि त्या बाहेर, असं आमचं बोलणं झालं. असल्या नियमांचा मला भयंकर तिटकारा आहे, पण ते मोडून मी त्यांचंच नुकसान केलं असतं.

“पडली ती अडगळीची खोली, असं वर्तमानपत्रात होतं,” मी म्हटलं.

“पडली तेव्हा अडगळीचीच होती. आधी तिथे चौथीचा वर्ग भरायचा. अर्ज दिल्यानंतर दहाएक दिवसांनी, शनिवारी, शाळा सुटल्यावर कोणीतरी साहेब आले होते. मी बँकेत गेले होते, शिक्षक घरी गेलेले. एकट्या मावशी होत्या. त्या साहेबांनी हातोडीनं छत ठोकून पाहिलं आणि मावशींना सांगितलं, ‘या खोलीत मुलं बसवू नका. सोमवारपासून बंद.’ मी सोमवारी चौथीचा वर्ग व्हरांड्यात आणला. एकोणतीस मुलं.”

“साहेब कोण होते?”

“नाव नाही सांगितलं. मी कार्यालयात विचारलं, तर म्हणाले, आम्ही कोणालाच पाठवलं नाही. यादीत आमचं नाव नव्हतं, तेव्हा फोन केला. फोनवर कोणीतरी म्हणालं, पुढच्या हप्त्यात बघू. दोन पत्रंही लिहिली.” त्या थांबल्या. “त्या माणसाला पाहिलेल्या एकट्या मावशी. आणि त्या तर…”

मैदानावर वर्गातले बाक एकावर एक रचून ठेवले होते. तिसरीतली एक मुलगी फाटकाशी आली, मोठ्या बाईंना म्हणाली, “बाई, तुम्ही आत का येत नाही?” मोठ्या बाईंनी तिला घरी जायला सांगितलं.

शाळांच्या इमारती तपासणारा माणूस एकच होता. कार्यालयाचा कंत्राटी अभियंता. त्याला मी दुपारी बोलावून घेतलं. तरुण होता, बूट चकचकीत होते, आणि उत्तरं पाठ होती.

“त्या शाळेत मी कधी गेलोच नाही मॅडम. अर्जच नाही तर पाहणी कसली? माझी दौऱ्याची डायरी बघा. त्या शनिवारी मी दुसऱ्या टोकाला होतो.”

“मग छत का पडलं असेल, तुमचा अंदाज?”

“सळया गंजल्या असणार. तुळई आधीच खचलेली असणार. जुन्या बांधकामात असंच होतं. चौथीच्या वर्गावर येणारा भार सगळा एकाच…”

तो थांबला. बाहेर कोणीतरी टंकलेखन करत होतं, त्याचा आवाज येत राहिला.

“गेले चार महिने ती अडगळीची खोली आहे,” मी शेवटी म्हटलं. “वर्तमानपत्रात तसं आहे, पोलिसांच्या कागदात तसं आहे. तिथे चौथीचा वर्ग भरायचा, हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

४

अभियंत्यानं आधी पाणी मागितलं. मग रुमाल काढला. मग म्हणाला, “एकोणतीस पोरं वाचली ना माझ्यामुळे?”

“वाचली. तोंडी सांगितलंत म्हणून वाचली. कागदावर काय लिहिलंत?”

“लिहिलं होतं. इमारत धोकादायक, पाडून नव्यानं बांधावी, चौदा महिने लागतील. सहीनिशी अहवाल कार्यालयात दिला.”

“कोणाच्या हातात?”

त्यानं मान हलवली. “माझं कंत्राट दर सहा महिन्यांनी नव्यानं होतं मॅडम. मला सांगण्यात आलं, हा अहवाल आलाच नाही असं समजा, डायरीत दुसरं गाव लिहा. मी लिहिलं. आता घर, हप्ते…”

“तुमच्या कंत्राटावर सही कोणाची?”

“साहेबांची,” तो म्हणाला आणि उठून गेला.

दोन माणसं, दोघंही भेदरलेली. आणि भेदरावं असं त्या इमारतीत साहेबांवाचून कोण होतं? मी निधीची यादी पुढे ओढली. आदर्श शाळा शेवटून पहिली होती, चव्वेचाळिसावी. मंजूर रक्कम पाहिली आणि मोठ्या बाईंची स्थळप्रत शेजारी ठेवली.

एकेचाळीस लाख बहात्तर हजार सहाशे. दोन्हीकडे तीच. दोन वेगवेगळ्या शाळांची गरज शेवटच्या शंभरापर्यंत सारखी कशी? मोठ्या बाईंच्या शाळेला काढून टाकल्यावर यादीत जेवढं भोक पडलं, तेवढ्याच मापाचं ठिगळ कोणीतरी लावलं होतं.

गुरुवारी मी आदर्श शाळेत गेले. फाटक बटणावर उघडत होतं. मैदानावर हिरवंगार प्लॅस्टिकचं गवत होतं आणि त्यावर पाय ठेवू नये अशी पाटी होती. सभागृहात गारवा इतका की मला पदर ओढून घ्यावा लागला. तिथले मुख्याध्यापक फार आनंदी गृहस्थ होते. मला अपराध्यांपेक्षा आनंदी माणसांचाच अधिक राग येतो.

“एकोणऐंशी दिवसांत सगळं पूर्ण!” त्यांनी गवताकडे हात केला. “आमच्यासारखी खर्च करणारी शाळा तुम्हाला मिळणार नाही.”

“अर्ज कधी केलात?”

“खरं सांगू का? आम्ही करणारच नव्हतो. आमचे गुण कुठले भरायला! इथली मुलं गाडीतून येतात. पण महिनाअखेरीला फोन आला. म्हणे एकेचाळीस लाख बहात्तर हजार सहाशे उरलेत, तेवढ्याचा अर्ज द्या, मात्र नव्वद दिवसांत संपवायचे. मी म्हटलं, संपवतो की! पैसे संपवणं हे काय काम आहे?” ते मनापासून हसले.

“मुदत दहालाच संपली होती.”

“तारीख मागची टाका म्हणाले. टाकली.”

“फोन कोणाचा?”

“कार्यालयातल्या बाईंचा. नाव विचारलं नाही, पण आवाज काय गोड! ऐकतच राहावं.”

तेवढ्यात दार उघडून एक ठसठशीत बाई आत आल्या. मुख्याध्यापक लगबगीनं उठले. “या आमच्या उपमुख्याध्यापिका. तुम्ही ओळखत असाल. शिक्षणाधिकारी साहेबांच्या सौभाग्यवती.”

५

परतताना गाडीत मी अहवालाचं पहिलं वाक्य मनात जुळवू लागले. साहेबांनी बायकोच्या शाळेला पैसे वळवले. जुनाट, घिसापिटा, किळसवाणा प्रकार. असले अहवाल मी झोपेतही लिहू शकते.

पण एक गोष्ट आडवी येत होती. साहेबांना शाळा किती तेही धड सांगता आलं नव्हतं. एकेचाळीस लाख बहात्तर हजार सहाशे हा आकडा तोंडपाठ असणारा तो माणूस नव्हे. बायकोच्या तोंडून त्यांनी फोन करवला म्हणावं, तर आकडा आधी त्यांना कोणीतरी द्यायला हवा. मी गाडी थांबवून आदर्श शाळेच्या मुख्याध्यापकांना फोन लावला.

“तो फोन आला, तेव्हा तुमच्या उपमुख्याध्यापिका कुठे होत्या?”

“माझ्यासमोरच! मी फोनवर हात ठेवून त्यांनाच विचारलं, घ्यायचे का पैसे? त्या म्हणाल्या, आपल्याला कशाला लागतात? मग मी गवताचं सुचवलं.”

म्हणजे फोनवरच्या बाई दुसऱ्या होत्या. त्यांच्या हातात मोठ्या बाईंचा अर्ज होता, म्हणून रक्कम ठाऊक होती. अभियंत्याचा अहवाल होता, म्हणून तिथे पैसे नव्वद दिवसांत संपणार नाहीत हेही ठाऊक होतं. आणि यादी जाहीर होण्याआधी किती उरलं, हे सांगता येणारं टेबल त्या कार्यालयात एकच होतं.

शुक्रवारी अकराला साहेबांच्या खोलीत मी सगळ्यांना बसवलं. तात्या दाराशी, अभियंता खिडकीशी, ताई माझ्यासमोर. त्यांनी आजही एक फाइल आणली होती, पिवळी चिठ्ठी लावून.

मी वही उघडली आणि हजेरीपट शेजारी ठेवला. पोच आणि स्थळप्रत मांडली. आदर्श शाळेच्या मुख्याध्यापकांचा सहीनिशी जबाब वाचून दाखवला. ‘आवाज काय गोड’ हे शब्द मी वाचले, तेव्हा तात्यांनी डोळे मिटून घेतले.

“या कार्यालयात स्त्री अधिकारी किती आहेत, साहेब?”

साहेबांनी सवयीनं ताईंकडे पाहिलं, उत्तरासाठी. आणि तसेच पाहत राहिले.

“तुम्ही,” ते म्हणाले.

ताईंनी फाइल मांडीवरून टेबलावर ठेवली. आज त्यांचे डोळे कोरडे होते.

“मी त्यातला एक पैसाही घेतलेला नाही,” त्या म्हणाल्या. “माझं खातं तपासा.”

“त्यात काही सापडणार नाही, हे मला ठाऊक आहे. घेतला असता तर मला समजायला सोपं गेलं असतं.”

“मग हेही समजून घ्या. त्या शाळेला सर्वांत जास्त गुण होते. मीच दिले होते. पण तिथे इमारत पाडून बांधायची, म्हणजे चौदा महिने. पैसे नव्वद दिवसांत संपले नाहीत, तर दुसरा हप्ता सगळ्यांचाच रद्द होतो. एका शाळेपायी त्रेचाळीस शाळांचा. सांगा ना, मी काय करायचं होतं?”

तो प्रश्न पोकळ नव्हता, हे मला मान्य करावं लागेल. नियम करणाऱ्यांनी शहाणपणाच केला होता तसा. ज्या शाळेची इमारत पार मोडलेली, तिला पहिला हक्क द्यायचा आणि मग तिला कधीच पाळता येणार नाही अशी मुदत घालायची.

“मुदतवाढ मागितलीत?” मी विचारलं.

“मुदतवाढ मागितली की जिल्ह्याचं नाव मागे पडतं.”

“म्हणजे मागितली नाही.”

“सरांना शंभर टक्के हवे होते. दर सोमवारी विचारायचे, किती टक्के झाले, किती टक्के झाले.”

“एक अर्ज लिहायचा होता ताई. दहा ओळींचा. त्याऐवजी तुम्ही अर्ज गायब केलात, अहवाल गायब केलात. तिथवर एक वेळ मी तुम्हाला घाबरट म्हटलं असतं. पण मावशी गेल्यावर तुम्ही काय केलंत? चार महिन्यांची वही तात्यांकडून उतरवून घेतलीत. दोनशे सतरावर आदर्श शाळा बसवलीत, कारण मुदतीनंतर आलेल्या त्या अर्जाची कुठे नोंदच नव्हती. आणि ज्या बाईंनी अर्ज केला होता, त्यांना खोटं पाडून तुरुंगाच्या दारात उभं केलंत. त्याच आठवड्यात मावशींच्या घरी मदत घेऊन गेलात.”

“ती मदत मनापासून होती,” ताई म्हणाल्या.

मला वाटतं ते खरं होतं. म्हणूनच मला त्यांच्याकडे बघवेना.

“जुनी वही कुठे आहे?”

उत्तर तात्यांनी दिलं, अगदी खालच्या आवाजात. “माझ्या घरी. मला रद्दीत घालायला सांगितली होती. पंचवीस वर्षांत एकही वही मी टाकलेली नाही मॅडम. हात धजावला नाही.”

त्या चार दिवसांत त्या इमारतीत मला दिसलेला धैर्याचा कण तेवढाच, आणि तोही वहीसाठी.

साहेबांना आपण सुटल्याचा आनंद लपवता येईना. “मला यातलं काहीच माहीत नव्हतं मॅडम,” ते म्हणाले. “एक अक्षरही नाही.”

“ते मी जसंच्या तसं लिहिणार आहे,” मी म्हटलं. “चव्वेचाळीस शाळांचा अधिकारी, आणि त्याला एक अक्षर माहीत नव्हतं.”

६

ताईंना निलंबित करण्यात आलं आणि त्यांच्यावर गुन्हा दाखल झाला. तात्यांची पेन्शन अडली. अभियंत्याचं कंत्राट संपलं; पुढे तो एका खाजगी बांधकाम कंपनीत गेला आणि म्हणे चांगला चालला आहे. साहेबांची बदली झाली, ते प्रशस्तिपत्र काढून बरोबर घेऊन गेले. मोठ्या बाईंचं निलंबन मागे घेण्यात आलं. त्यांच्या शाळेला पैसे मंजूर झाले, आणि मंजुरीपत्रात नव्वद दिवसांची अट तशीच छापलेली होती. मी स्वतः तीन पत्रं लिहून ती काढायला लावली.

अहवालाची प्रत द्यायला मी गेले, तेव्हा शाळा एका बंद पडलेल्या गोदामात भरत होती. दुपारची सुट्टी होती. मुलं मालाच्या चढणीवरून घसरत होती. मोठ्या बाईंनी मला खुर्ची दिली, स्वतः खोक्यावर बसल्या आणि अहवाल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी इतक्या वर्षांत शेकडो अहवाल लिहिले, पण माझ्यासमोर बसून एखादा पूर्ण वाचलेला माणूस मला आठवत नाही.

“यात एक गोष्ट नाही,” त्या म्हणाल्या.

“कोणती?”

“मावशी त्या खोलीत का गेल्या, ते.” त्यांनी पानं नीट जुळवली. “मुलांना बसवू नका असं सांगितलं होतं, म्हणून मी मुलं हलवली. पण सामान ठेवायला दुसरी जागा नव्हती. नकाशे, खेळाचं साहित्य, सगळं मी तिथेच ठेवलं. त्या सकाळी मला पाचवीला नकाशा दाखवायचा होता. मीच म्हटलं, मावशी, जरा आणता का? त्या म्हणाल्या, आणते की. माझ्या मनात आलंसुद्धा नाही. मुलांसाठी ती खोली धोक्याची होती, मावशींसाठी नव्हती, असंच धरून चालले होते मी.”

“याची कोणी चौकशी केलेली नाही,” मी म्हटलं. “कायद्यानं तुमच्यावर काहीच येत नाही. तुम्ही पूर्ण सुटला आहात.”

“मी सुटण्याबद्दल बोलतच नाहीये. तुम्ही लिहा ते.”

“कशासाठी?”

“त्यांच्या मुलानं मला विचारलं, आई तिथे कशाला गेली होती? मी म्हटलं, माहीत नाही. आता तो हा अहवाल मागणार आहे.”

मी पेन काढलं आणि शेवटच्या पानावर त्या सांगतील तसं लिहीत गेले. चार ओळी झाल्या. त्यांनी त्या वाचल्या, एक शब्द बदलायला लावला. मी ‘गेल्या’ लिहिलं होतं, त्यांनी ‘पाठवलं’ करून घेतलं. मग खाली सही केली.

सोळा पानांच्या त्या अहवालात न विचारता दिलेला जबाब तेवढा एकच आहे.